मागचा ताप आणि पुढचा ताप

पत्र : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. जुलैच्या शेवटी त्याला शाळेतून हात-पाय-तोंडाचा आजार लागला. तळहातांवर पुरळ, तोंडात फोड, तीन-चार दिवस ताप, मग बरा झाला. ऑगस्टच्या शेवटी सारखं पाणी, सारखी लघवी सुरू झाली आणि रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. जवळच्या दवाखान्यात अशक्तपणा सांगून टॉनिक आणि ग्लुकोज पावडर दिली. आठ दिवसांत उलट्या, पोटदुखी आणि धाप. भरती केलं तेव्हा शुगर ५१२, कीटोन पॉझिटिव्ह. वजन २४ वरून साडेवीस किलो. एचबीए१सी १०.८, जीएडी आणि आयए-२ या दोन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह. टाइप वन डायबेटिस, म्हणजे मधुमेह, सांगितला. सुटी झाली तेव्हा दिवसाला १८ युनिट इन्सुलिन होतं, आता कमी करत करत ८ वर आलंय. वजन २२ किलो. सासूबाई म्हणतात व्हायरसनं झालं होतं, आता व्हायरस उतरतोय म्हणून डोस उतरतोय. ओळखीतले एक वैद्य दोन महिन्यांत सुई सोडवतो म्हणतात. खरंच व्हायरसमुळे झालं का? सुटेल का? आजारी मुलं येत असताना शाळेत पाठवलं, ही आमची चूक झाली का? आणि पाच वर्षांच्या धाकटीचं काय?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई, ‘सुटेल का’ या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण वैद्यांच्या तारखेला थांबायला वेळ नाही. इन्सुलिन सोडायचं नाही. दोन महिन्यांनी नाही, एक दिवसही नाही. डोस १८ वरून ८ वर आला याला डॉक्टर ‘हनीमून’ म्हणतात. नाव विचित्र आहे खरं, पण प्रकार नेहमीचा आहे. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्यांना बीटा पेशी म्हणतात. निदान होतं तेव्हा त्यांतल्या बऱ्याच मेलेल्या असतात, सगळ्या नाही. उरलेल्या आठवडेन् आठवडे वाढलेल्या शुगरमुळे थकून गप्प बसलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं, शुगर उतरली, की त्या पुन्हा कामाला लागतात. मग बाहेरची गरज कमी होते. दिवसाचा डोस किलोमागे अर्ध्या युनिटाच्या खाली आणि शुगर आटोक्यात, म्हणजे हनीमून सुरू आहे असं समजतात. तुमच्या मुलाचं गणित ८ भागिले २२, म्हणजे साधारण ०.३६. हा काळ काही आठवडे ते काही महिने टिकतो, एखाद्याचा वर्षभरही. नंतर डोस परत चढतो.

बहुतेक ‘सुई सोडवणारे’ नेमके याच काळात भेटतात, आणि याच काळात त्यांचं औषध लागू पडल्यासारखं दिसतं. कारल्याचा रस द्या, जांभळाच्या बियांची पूड द्या, काही देऊ नका, डोस या दिवसांत उतरणारच होता. पुढे उरलेल्या पेशीही जातात आणि कुणी इन्सुलिन बंद केलेलं असेल, तर मूल परत त्याच धाप-उलट्यांच्या अवस्थेत दवाखान्यात येतं. वैद्यांशी भांडायची गरज नाही. “डोस डॉक्टरच कमी-जास्त करतील” एवढं म्हणून विषय संपवा.

आता व्हायरसचं. सासूबाईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. व्हायरस आणि टाइप वन यांचा संबंध संशोधक पन्नासेक वर्षं तपासताहेत. १९७९ मध्ये अमेरिकेत दहा वर्षांच्या एका मुलाची केस छापून आली होती. सर्दी-तापासारख्या आजारानंतर तो थेट मधुमेहाच्या कोमात गेला आणि दगावला. त्याच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी-४ हा व्हायरस वेगळा काढता आला. हा एंटेरोव्हायरस घराण्यातला, पोटातून पसरणारा. आणखी एक गोष्ट पक्की आहे : आईला गरोदरपणात रुबेला झाला आणि बाळ जन्मतः बाधित असलं, तर पुढे त्या मुलांमध्ये मधुमेह जास्त दिसतो. अलीकडचा मोठा पुरावा टेडी नावाच्या अभ्यासातून आला. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमधल्या हजारो मुलांना जन्मापासून तपासत गेले, दर महिन्याला शीचे नमुने घेतले. २०१९ मध्ये निष्कर्ष आला की एखाद-दुसऱ्या वेळी व्हायरस सापडण्याला फारसा अर्थ नाही. पण कॉक्सॅकी बी गटातला व्हायरस ज्या मुलांच्या पोटात लांबत राहिला, त्यांच्यात बीटा पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी पुढे जास्त उमटल्या.

कसं होत असावं, तर बीटा पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं आणि कॉक्सॅकी बी नेमका त्यालाच धरून आत शिरतो. व्हायरस शिरलेली पेशी मारणं हे प्रतिकारशक्तीचं रोजचं काम. पण ज्यांची जनुकं तशी असतात, त्यांच्यात व्हायरस संपला तरी हल्ला संपत नाही. पेशी मरतच राहतात, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या फायलीतच आहे. एचबीए१सी हा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा सरासरी अंदाज. १०.८ म्हणजे सरासरी २६० च्या आसपास. आठ-दहा दिवस शुगर चढून हा आकडा येत नाही. त्याला आठवडे लागतात, म्हणजे तहान लागायच्या आधीपासून शुगर वाढलेली होती. त्यात दोन अँटिबॉडी पॉझिटिव्ह. त्या सहसा लक्षणांच्या कितीतरी आधी तयार झालेल्या असतात. व्हायरसनंतर खरोखर चार दिवसांत सगळं उद्ध्वस्त करणारा एक प्रकार आहे, त्याला फुलमिनंट टाइप वन म्हणतात. जपानमध्ये २००० साली त्याचं वर्णन झालं, आणि तिकडेही बहुतेक मोठ्या माणसांत. त्यात शुगर प्रचंड असते, पण एचबीए१सी ८.७ च्या खाली, कारण ते वाढायला वेळच मिळालेला नसतो. अँटिबॉडीही सहसा सापडत नाहीत. तुमच्या मुलाचे रिपोर्ट याच्या बरोबर उलटे आहेत.

म्हणून आमचं मत असं : जुलैच्या तापानं हा आजार सुरू केलेला नाही, आधीच चाललेला उघडा पाडला. तापात शरीर कॉर्टिसोल आणि ॲड्रेनॅलिन जास्त सोडतं, त्यांनी इन्सुलिनची गरज वाढते. अर्ध्याअधिक पेशी गेलेलं स्वादुपिंड एरवी कसंबसं निभावून नेत होतं, तापात ते कमी पडलं. तो ताप आला नसता, तर दिवाळीच्या सर्दीनं किंवा कशानंच नाही तरी पुढच्या काही महिन्यांत हेच झालं असतं. शिवाय हात-पाय-तोंडाचा आजार बहुतेक वेळा कॉक्सॅकी ए गटातल्या व्हायरसनं होतो. ज्यावर संशय सर्वांत दाट आहे तो बी गट. सुरुवात कुठल्या व्हायरसनं केली, केली की नाही, हे आज कुठलीही रक्ततपासणी सांगणार नाही. त्यासाठी व्हायरसच्या अँटिबॉडीचे महागडे पॅनल करू नका. उपचार त्यानं तसूभर बदलत नाहीत.

शाळेचंही त्यातच आलं. त्या वर्गात ज्यांना पुरळ उठलं, ती बाकीची सगळी पोरं आज धडधाकट खेळताहेत. गोड खाल्ल्यानं हा आजार होत नाही, लसीनं होत नाही, डेंग्यू-चिकुनगुनियाचा त्याच्याशी ठोस संबंध दिसलेला नाही. चांदीपुरा व्हायरसचं नाव नागपूरजवळच्या गावावरून पडलं, १९६५ मध्ये तो इथेच सापडला, त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक तापाला कुणीतरी ते नाव काढतंच. तो मेंदूवर जातो, त्याचा इथे संबंध नाही.

एक गोष्ट मात्र बोलायला हवी, तुमच्यासाठी कमी आणि हे वाचणाऱ्या इतर आईबाबांसाठी जास्त. ताप-उलट्यांनी पाणी कमी झालेलं मूल लघवी कमी करतं. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, आणि तरी लघवी भरपूर, हे चित्र दिसलं तर तिथेच थांबा. सुटलेलं अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागणं, वजन उतरणं, बाथरूममध्ये लघवीला मुंग्या लागणं, हेही तसंच. ग्लुकोमीटरवर एक थेंब, पाच-दहा सेकंद. लक्षणं आहेत आणि केव्हाही घेतलेली शुगर २०० किंवा जास्त आली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना, उपाशीपोटीच्या रिपोर्टसाठी उद्यापर्यंत थांबायचं नाही. धाप बघून न्यूमोनिया आणि पोटदुखी बघून अपेंडिक्स समजण्याची चूक नेहमी होते. ती धाप वेगळी असते : खोकला नाही, छाती मोकळी, पण श्वास खोल आणि भराभर, आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. उलट बाजूही सांगून ठेवतो. नुसत्या तापात किंवा दम्यासाठी दिलेल्या स्टिरॉइडनं निरोगी मुलाचीही शुगर तात्पुरती १६०-१८० दिसू शकते. तहान-लघवी नसेल तर घाबरू नका, बरं झाल्यावर पुन्हा तपासा.

आता जे तुमच्या हातात आहे ते, म्हणजे पुढचा ताप. हिवाळा तोंडावर आहे आणि शाळा सुरू आहे, तो येणारच.

टाइप वनच्या घरात सर्वांत घातक वाक्य म्हणजे “आज काही खाल्लंच नाही, मग इन्सुलिन कशाला?” तापात मूल जेवलं नाही तरी त्याचं यकृत साखर सोडत असतं. इन्सुलिन नसेल तर शरीर चरबी जाळायला घेतं आणि कीटोन साचतात. ते रक्त आंबट करतात, त्यानं उलटी होते, उलटी झाली की आई म्हणते पोटात काही नाही, सुई नको. पुढचं तुम्ही पाहिलेलंच आहे. रात्रीचं बेसल इन्सुलिन, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं, कधीही चुकवायचं नाही. शुगर खाली येत असेल आणि मूल खात नसेल, तर डॉक्टरांना फोन करून ते थोडं कमी करता येतं. शून्य करायचं नाही.

शुगर दर दोन-तीन तासांनी, रात्रीही गजर लावून. कीटोन आजारपणात दर चार तासांनी, शुगर २५० च्या वर असली तर लगेच. रक्तातले कीटोन मोजणारं मीटर परवडत असेल तर तेच घ्या : ०.६ च्या खाली ठीक, ०.६ ते १.५ म्हणजे इन्सुलिन कमी पडतंय, १.५ च्या वर म्हणजे डॉक्टरांना फोन, ३ म्हणजे सरळ इमर्जन्सी. लघवीच्या पट्ट्या स्वस्त आहेत, पण त्या मागचं सांगतात, काही तासांपूर्वी जे साचलं ते. रंग बाटलीवर लिहिलेल्या सेकंदांनीच वाचायचा. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली दमट होऊन खोटं बोलते. उघडल्याची तारीख पेनानं लिहून ठेवा.

जास्तीचा डोस किती, इथे हनीमूनमधली मुलं फसतात. मोठ्या मुलांना दिवसाच्या एकूण डोसच्या दहा टक्के वगैरे सांगतात. तुमच्याकडे एकूण ८, त्याचे दहा टक्के म्हणजे पाऊण युनिट. त्यानं तापातलं काहीच हलत नाही. हनीमूनमध्ये म्हणून वजनावर हिशेब करतात : किलोमागे ०.०५ ते ०.१ युनिट जलद इन्सुलिन, म्हणजे तुमच्या मुलाला १ ते २ युनिट, शुगर आणि कीटोन बघून दोन ते चार तासांनी पुन्हा. आजारपणात या मुलांची गरज एका दिवसात किलोमागे १ युनिटपर्यंत जाऊ शकते, ८ चे २० व्हायला वेळ लागत नाही. त्याला हनीमून मोडला असं समजून रडू नका, ताप उतरला की बहुधा डोसही उतरतो. हे आकडे आपल्या मुलासाठी आत्ताच, तो बरा असताना, तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. कीटोन आहेत पण शुगरच कमी आहे, असंही होतं, विशेषतः जुलाबात. तेव्हा आधी गोड पाणी, मग इन्सुलिन, आणि तेही फोन करूनच.

पाणी तासाला साधारण १०० ते १२५ मिली, म्हणजे अर्धा-पाऊण कप, घोटाघोटानं. शुगर १८० च्या वर असेल तर साधं पाणी, मीठ घातलेलं पातळ ताक, वरणाचं वरचं पाणी. त्याखाली उतरली तर लिंबू-साखर-मिठाचं पाणी. उलटी-जुलाबात ओआरएस चालतं. एक लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, त्याला भिऊन मूल कोरडं ठेवू नका. तापाचं सिरपही गोड आहे म्हणून टाळू नका, चमचाभर साखरेनं काही बिघडत नाही, अंगात ताप राहिल्यानं बिघडतं.

दोन तासांपेक्षा जास्त उलट्या, घोटभर पाणीही न टिकणं, दोनदा जास्तीचा डोस देऊनही कीटोन न उतरणं, खोल श्वास, झोपाळूपणा, किंवा शुगर सारखी ७० खाली जाणं, यातलं काहीही झालं की निघा. रात्री दोन वाजता कुठे न्यायचं हे आज ठरवा. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मेयो, एम्स की घराजवळचं, जिथे लहान मुलांचं आयसीयू आहे आणि रक्तातली आम्लता तपासणारी एबीजी रात्री होते, ते फोन करून विचारून ठेवा. १०८ ला सांगताना “टाइप वन डायबेटिस, उलट्या, कीटोन” हे तीन शब्द आधी.

शुगर ७० खाली गेली तर किलोमागे ०.३ ग्रॅम साखर, म्हणजे २२ किलोला सुमारे ७ ग्रॅम : चहाचा दीड चमचा साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. संत्रा बर्फी नको, त्यातल्या खव्यानं साखर रक्तात उशिरा पोचते. संत्र्याचा गाळलेला रस चालतो, अर्धी वाटी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, शुगर वाढवणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असेल तर टोचा, नसेल तर १०८.

संत्र्यावरून आठवलं. आता आंबिया बहाराची संत्री घरोघर आहेत. संत्रं सोललेल्या बोटाला सुई टोचली तर मीटर भलताच आकडा दाखवतं, कारण सालीचा आणि रसाचा गोडवा कातडीवर राहतो. स्पिरिटच्या बोळ्यानं तो पुरेसा जात नाही, साबण-पाण्यानंच जातो. १२० चे २५० दिसले आणि त्यावर जास्तीचं इन्सुलिन दिलं, तर पोर तासाभरात घामाघूम. आजारात डोस आकड्यावर ठरतो, म्हणून आधी हात धुवा, कोरडे करा, मग टोचा. शंका आली तर दुसऱ्या हाताच्या बोटावर पुन्हा.

तशीच चूक सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलीत ४० युनिटचं असतं, त्याची लाल टोपीची सिरिंज. पेनच्या काडतुसात एका मिलीत १००. पेन बिघडलं म्हणून काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजनं ४ खुणा ओढल्या, तर अंगात १० युनिट जातात, अडीच पट. आठ युनिटवर असलेल्या पोराला हे झेपत नाही. घरात एकच प्रकार ठेवा, आणि पेन असेल तर एक जादा पेन.

फ्लूची लस दर वर्षी द्या, घरातल्या सगळ्यांनी घेतली तर उत्तम. बाकीच्या लसी वेळापत्रकानं. उघडलेलं इन्सुलिन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं, त्यामुळे आत्ता काळजी नाही. एप्रिल-मेमध्ये वीज गेली किंवा प्रवासात असलात, तर झाकणाच्या डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवा. मडक्याचं गणित आपल्या कूलरसारखंच : मे महिन्याच्या कोरड्या झळांमध्ये झकास चालतं, जुलैच्या दमट हवेत नुसतं ओलं राहतं. बर्फाला टेकवलेलं किंवा फ्रीजरमध्ये गोठलेलं इन्सुलिन मात्र फेकूनच द्यायचं.

धाकटीचं. टाइप वन असलेल्या मुलाच्या भावंडांत हा आजार होण्याचं प्रमाण शंभरात पाच-सहा. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णवांना होत नाही. अँटिबॉडी तपासता येतात. दोन किंवा अधिक पॉझिटिव्ह आल्या, तर पुढच्या दहा वर्षांत साधारण सत्तर टक्के मुलांना लक्षणं येतात. तपासण्याचा खरा फायदा हा की भाऊ ज्या अवस्थेत भरती झाला, तशी वेळ तिच्यावर सहसा येत नाही. आजार पुढे ढकलणारं टेप्लिझुमॅब नावाचं औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं, पण तेव्हाची मंजुरी आठ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी होती, आणि ते आजार थांबवत नाही, साधारण दोनेक वर्षं लांबवतं. तपासायचं की नाही हा निर्णय तुम्हा दोघांचा, घाई नाही. रोज तिचं बोट टोचू नका, ती रुग्ण नाही. तहान वाढली, वजन उतरलं किंवा अंथरूण ओलं झालं, तर त्याच सकाळी भावाच्या मीटरवर, नवी सुई लावून, एक थेंब.